दुसऱ्याच्या बांधावरून

कार्तिकात भातं कापून झाली, बांध वाळून टणक झाले, की आमचा गट बाहेर पडतो. गट म्हणजे निवृत्त शिक्षक, माझ्यासारख्या बँकेतून सुटलेल्या दोघी-तिघी, एक परिचारिका, तहसील कचेरीतले एक माजी अव्वल कारकून आणि या सगळ्यांचे कुरकुरणारे गुडघे. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून विरारकडचेही काही जण पहाटेची गाडी पकडून येतात. डहाणू-तलासरीच्या सपाटीवर, रेल्वेच्या पूर्वेला, भातखाचरं आणि साग-ऐनाची झाडी यांच्यामधून रमतगमत चालायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं, एवढाच कार्यक्रम. गटाला नाव नाही. एकाने ‘चालते व्हा’ सुचवलं होतं. पण बहुतेकांना ते घरी आधीच ऐकवून झालेलं असल्यामुळे बारगळलं.

या चालण्यातून काही गोष्टी उमगत गेल्या. त्यांना शहाणपण म्हणायला जीभ रेटत नाही. उशिरा आलेली अक्कल म्हणा हवं तर.

१. चढावर चालायला कारण द्यावं लागत नाही, सपाटीवर द्यावं लागतं. आपल्याकडे हौसेने चालणं म्हणजे एक तर गड, नाहीतर वारी. वर बुरूज असतो किंवा पुढे विठोबा. आमच्या वाटेच्या टोकाला काहीच नसतं. त्यामुळे पाड्यावरच्या कुणी ‘कुठं चाललात?’ विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघतो. ‘असंच, फिरायला’ या उत्तराने समोरच्याचं समाधान होत नाही, आणि का व्हावं? गेल्या काही वर्षांत डोक्याला टोपी, पाठीला पिशवी आणि हातात मोबाइल घेऊन या शेतांतून जे घोळके फिरले, ते बुलेट ट्रेनच्या नाहीतर मुंबई-वडोदरा महामार्गाच्या मोजणीचे होते. एका आजींनी तर सरळच विचारलं, ‘मोजणीवाले का?’ नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल पडला. आपण निसर्गप्रेमी दिसतो हा आमचा समज त्या दिवसापासून आवरता घेतला आहे. लांबून येणारी माणसं खांब रोवायला आलीत की पळस बघायला, हे त्यांच्या चालीवरून कळत नाही.

२. बांधावर चालता येतं म्हणून बांध रस्ता होत नाही. तो खाचरातलं पाणी धरून ठेवण्यासाठी असतो. जेमतेम पाऊल मावेल एवढा रुंद, कडेने तुरीची रोपं, मध्येच खेकड्यांची बिळं. एकामागे एक चाललं तर तो सोसतो. दोघी गप्पा मारत शेजारी-शेजारी आल्या की एकीचा पाय कडेवर पडतो आणि माती खाली ढासळते. ती पुन्हा लिंपायचं काम पावसाळ्याच्या तोंडी दुसऱ्याच कुणाला तरी असतं. म्हणून आमच्या गप्पा आता पुढच्याच्या पाठीशी होतात. यातून एक भलताच फायदा हाती लागला: तोंड दिसत नसलं की माणसं जास्त मोकळं बोलतात. सुनेपासून साखरेपर्यंत सगळ्याचा खरा हिशेब आम्हाला बांधावरच कळला.

३. हक्काने चालणं आणि परवानगीने चालणं यांत फरक आहे, आणि मला दुसरं जास्त आवडायला लागलं आहे. आमचे अव्वल कारकून चालता चालता कलमं सांगतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातल्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचा आधार आहे. पण हे सगळं कसणाऱ्यासाठी. नुसतं हवा खायला निघालेल्यांसाठी कलम नाही. इंग्लंडात तशा हक्कासाठी लोक भांडले. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउटच्या माळरानावर मुद्दाम घुसले. जमीनदारांच्या राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. माळरानांवर मोकळेपणी हिंडण्याचा कायदा तिथे २००० साली झाला. ते भांडण बड्या जमीनदारांशी होतं. इथे बांध एक-दोन एकरवाल्याचा आहे. त्याच्यापुढे हक्काची भाषा काढायची आम्हालाच लाज वाटेल. आम्ही आपली हाक मारतो, ‘दादा, इकडून जाऊ का?’ ‘जा की,’ असं उत्तर येतं. त्या दोन शब्दांवर आमची अख्खी सकाळ उभी असते.

४. ओझं जितकं जड, तितकी चाल भरभर. हे मला कधी सुचलं नसतं. वाटेत एक आजी मागून आल्या. डोक्यावर लाकडाची मोळी, पाय उघडे, वय आमच्यातल्या सगळ्यांहून जास्त. आम्ही बाजूला होऊन खाचरात उतरलो आणि त्या निम्म्या धावतच पुढे निघून गेल्या. परिचारिका म्हणाली, थांबणं त्यांना परवडत नाही. मानेवर भार असताना उभं राहणं चालण्याहून महाग पडतं. नेमकं त्याच क्षणी एकाच्या मनगटावरच्या घड्याळाने आजची पावलं पुरी झाल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. त्याने ते झटकन बाहीखाली सरकवलं. सावकाश चालणं ही चैन आहे, हे आम्हाला असं कळलं. चैन करू नये असं मी म्हणत नाही. ती चैन आहे एवढं ध्यानात असलं की आपल्याला आलेल्या घामाचं कौतुक जरा कमी होतं.

५. ज्याला आम्ही रान म्हणतो, ते कुणाचं तरी कोठार असतं. फाल्गुनाच्या सुमाराला मोहाच्या झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून ठेवलेली दिसते. पहाटे गळणारी फुलं पालापाचोळ्यात हरवू नयेत म्हणून. तिथे बूट घालून सावलीला बसायचं नसतं. त्याच दिवसांत ऐनाची झाडं बोडकी दिसतात, आणि नव्याने आलेला प्रत्येक पाहुणा ‘किती ही तोड!’ म्हणून हळहळतो. ती तोड राबासाठी असते. भाताची रोपं जिथे करायची तिथे शेण, टहाळ्या, गवत आणि वरून माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते पेटवतात. तणाचं बी जळतं, राख मिळते, रोपं जोमाने येतात. खोड राखून नुसत्या फांद्या उतरवलेल्या असतात, त्यामुळे ऐन पुन्हा फुटतो. राब चांगला की वाईट यावर शेतीतल्या जाणत्यांचं एकमत नाही, आणि माझं मत विचारायला कुणी आलेलं नाही. पण हळहळण्याआधी खोडाकडे बघायची सवय लागली.

६. जिथे गुरं थांबतात तिथे थांबावं, शिकवणारं कुणीतरी भेटतं. या भागात हे आधीच कुणाला तरी कळलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं; १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ तिथे आयुष्यभर राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आमच्या बाबतीत ही शाळा उलटी भरते. शेळ्यांमागे आलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांना एकेका झाडाकडे बोट दाखवून विचारतो, ‘हा कसला?’ कुसुम, हुंब, बिब्बा, शिवण. मुख्याध्यापक तीन चुकतात, एक सांगतात. पोरगा हसत नाही. उत्तर सांगतो आणि दुसरं झाड दाखवतो. इतकी वर्षं वर्गात आपण असंच का केलं नाही, असं ते परतताना पुटपुटत होते.

७. नकाशात नसलेल्या शिवा जास्त कडक असतात. एखाद्या झाडाखाली शेंदूर लावलेली लाकडी फळी उभी दिसते. त्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र. हा वाघदेव, गावाची राखण करणारा; वाघबारशीला त्याची पूजा होते. पट्टेवाला वाघ इथून गेला, बिबट्या अधूनमधून दर्शन देतो, देव मात्र जागेवर आहे. मोबाइलमधल्या नकाशात तिथे कोरी हिरवी जागा दाखवतात. आमच्यातल्या एका कट्टर बुद्धिवाद्याला मी तिथे टोपी काढताना पाहिलं. विचारलं तर म्हणाला, ‘घाम पुसत होतो.’

८. वाट पडते कशी, हे बघायला एक इंग्रज इथवर आला होता असं म्हटलं तरी चालेल. रिचर्ड लाँग हा इंग्लंडचा कलावंत चालण्यातूनच कला करतो. १९६७ साली त्याने एका गवताळ मैदानात एकाच रेषेत इतक्या फेऱ्या मारल्या की गवत दबून रेघ उमटली. तिचा फोटो काढला, आणि ती आधुनिक कलेतली मोठी गोष्ट ठरली. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि आपल्या गंजाडजवळच्या कलंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे यांचं एकत्र प्रदर्शन झालं, आणि त्या निमित्ताने तो वारली मुलखात येऊन चालला. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, १५ मे २०१८ रोजी ते गेले. गेरूच्या भुईवर पांढऱ्या रंगातली त्यांची चित्रं आठवून बघा: माणसं, मुंग्या, मासे, पाखरं, कुणी स्वस्थ बसलेलं नाही, सगळी कुठेतरी निघालेली. हे वाचलं त्या आठवड्यात मी पाड्याकडून विहिरीकडे गेलेली पायवाट नीट बघितली. गवत दोन्ही बाजूंना तरारलेलं, मधली माती पायांनी घासून गुळगुळीत. ही रेघ हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांनी काढलेली आहे, रोज, आणि तिचा फोटो काढून ठेवावा असं त्यांच्यातल्या एकीलाही वाटलेलं नाही.

९. काही वाटा चालायला सोप्या असतात, समजायला नसतात. तलासरीजवळच्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले होते, मैलोन्‌मैल पायी चालून. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद. सावकार-जमीनदारांची वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. त्या काळी लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर मालकाकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून हिंडल्या, त्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये आहे. आमच्या गटात ते पुस्तक फिरलं आणि नंतरच्या रविवारी कुणी फारसं बोललं नाही. ज्या शिवारांतून आम्ही वजन कमी करायला चालतो, तिथे माणसं मान वर करायला चालली होती. दोन्ही चालण्यांना एकच क्रियापद वापरताना मला हल्ली थोडं अवघडतं.

१०. सपाट म्हणजे निश्चिंत, असं धरून चालू नये. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, जमीन पुन्हा पुन्हा हादरत राहिली. धक्के बहुतेक लहान, पण किती हे मोजायचा कंटाळा यावा इतके. लोक थंडीत घराबाहेर झोपले. त्या भागातल्या एका बाईंनी कोरा चहा देता देता सांगितलं, कुडाचं जुनं घर डुललं आणि उभं राहिलं, शेजारची नवी विटांची खोली मात्र तडकली. हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. पावसाबद्दल बोलावं तसा होता. घरी पंखा जरा हलला तरी मी पलंगावरून उतरते.

११. हिरवळ आपोआप राहत नाही. ती कुणीतरी राखलेली असते आणि तिची किंमत भलत्याच कुणीतरी मोजलेली असते. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांवर बंधनं आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या दोन कागदांमुळे आम्हाला चालायला सावली उरली. पण सकाळी नाक्यावर तरुण पोरांनी भरलेले टेम्पो वापी, उंबरगाव, बोईसरकडे जाताना दिसतात. भात आटोपलं की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांना तालुक्यातच काम हवं असेल तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो मला पटतो. तरीही ‘इथे काही बदलू नये’ असं पेन्शन चालू असलेल्या बाईने म्हणणं आणि टेम्पोत लोंबकळणाऱ्याने म्हणणं, यांत अंतर आहे. या मुद्द्यावर आमच्या गटात दोन तट आहेत. मी दोन्हींत आहे.

१२. जमीन जितकी महाग, तितकी वाट कमी. रेल्वेच्या पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आहेत. दाट सावली, लांब बांबूच्या टोकाला जाळी लावलेली बेडणी घेऊन चिकू उतरवणारी माणसं, बघत राहावं असं दृश्य. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते सगळं कुंपणापलीकडे. फाटकाशी राखणदार असतो, आणि त्याचं बरोबरच आहे, पीक आहे ते. पूर्वेला गेलं की कुंपण संपतं. ज्यांच्याकडे देण्यासारखं सगळ्यात कमी, त्यांच्याच जमिनीवरून आम्ही आजवर चालत आलो. याची परतफेड कशी करायची, हे ठरवायला आम्ही एकदा रीतसर बैठक घेतली. वह्या वाटू, झाडं लावू, औषधांचं शिबिर घेऊ, अशा सूचना आल्या. परिचारिकेने एवढंच विचारलं, ‘यातलं त्यांनी मागितलंय काय?’ बैठक तिथेच संपली. आता पाड्यावरून काकडी, ढोबळी मिरची, वाल विकत घेतो, आणि भावात घासाघीस करत नाही. तेवढ्यावर फिटतं असं नाही, पण निदान जमाखर्चात काहीतरी मांडलं जातं.

१३. गट वाढवू नये. ही अक्कल सगळ्यात अलीकडची. विरारकडच्या एका उत्साही गृहस्थांनी मध्यंतरी सुचवलं: सारख्या रंगाचे टी-शर्ट करू, ‘ग्रामीण पदभ्रमण’ म्हणून जाहिरात करू, नाश्त्यासकट माणशी अमुक रुपये लावू. हिशेब उत्तम होता. पण बांध एका वेळी एकालाच पेलतो आणि ‘जा की’ म्हणणारा माणूस ते शंभर जणांना म्हणेलच असं नाही. म्हणावं अशी अपेक्षा तरी का करावी? आम्ही नको म्हटलं. त्यानंतर मीच हे सगळं लिहायला बसले, हा विनोद माझ्याही लक्षात आलेला आहे. म्हणून वर गावांची नावं दिली आहेत, वाट दिलेली नाही; कुठल्या पाड्यावरून वळायचं, कुठला ओहोळ ओलांडायचा, काही लिहिलेलं नाही. यायचंच असेल तर थोडेजण या आणि जो पहिला शेतात दिसेल त्याला विचारा. तो सांगेल ती वाट धरा. नको म्हणाला तर गाडीरस्ता आहेच.